बसायचा पाय

खोली भाड्यानं द्यायच्या आधी त्या माणसानं मला जमिनीवर मांडी घालून बसायला लावलं होतं. उमरग्यातल्या एका खासगी दवाखान्यात मी सिस्टर म्हणून नव्यानं लागले होते. हातात बॅग, डोक्यावर ऊन, आणि हे म्हातारं म्हणतंय, "खुर्ची नगं. खाली बसा. मांडी घाला." मी खोली बघायला आलेय की मला बघायला बसवलंय, तेच कळेना. बसले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. दोन्ही गुडघ्यांकडं बघितलं, मान हलवली आणि आत आवाज दिला, "दे गं किल्ली. बसती नीट."

किल्ली घेऊन आलेल्या काकूंनी दारातच जात विचारली. मी सांगितली, बौद्ध. काकूंचा चेहरा जरासा आखडला, तो मला दिसला. असलं आम्हाला लगेच दिसतं. काकांना मात्र त्यात भलतंच काही दिसलं. "म्हंजे तुमच्यात झोपवून जाळतात," ते म्हणाले, आणि इतक्या कळवळ्यानं म्हणाले की मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. पुढं कळलं की ते प्रत्येकाची जात एवढ्यासाठीच लक्षात ठेवतात. अमक्यांच्यात जाळतात, तमक्यांच्यात आडवं पुरतात. बाकी कोण वर, कोण खाली, यात त्यांना गम्य नव्हतं.

काका धंद्यानं सुतार, आणि त्यांच्या समाजात माणूस मेला की झोपवत नाहीत. आंघोळ घालून मांडी घालून बसवतात, सजवलेल्या विमानात बसवूनच नेतात आणि मातीतही बसलेलाच ठेवतात. विमान म्हणजे पाठ टेकायला फळी असलेला, खांद्यावर न्यायचा पाट. ती विमानं काका करायचे. पण त्यांना बोलावणं यायचं ते विमानापेक्षा गुडघ्यांसाठी. घरची माणसं रडण्यात राहतात, तोवर मढं ताठतं. मग मांडी बसत नाही आणि भाऊबंद जोर लावायला लागतात. अशा वेळी कुणीतरी काकांना आणायला पळायचं. काका सगळ्यांना बाहेर काढायचे, गरम पाणी आणि फडकी मागायचे, दार लावून घ्यायचे. दार उघडायचं तेव्हा मेलेला माणूस बसलेला असायचा, घरात पाहुणा आल्यासारखा.

"जोर करून काय व्हतंय," ते म्हणायचे. "गुडघ्याला समजावायचं असतंय."

या कामामुळं गावात त्यांची एक प्रकारची दहशतच होती. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आजारी, ते बाजारात काका दिसले की रस्ता बदलायचे. काकांना त्याचं काहीच नाही. एकदा आमच्या दवाखान्यात गोळ्या घ्यायला आले आणि बाकड्यावर बसलेल्या एका आजोबांच्या गुडघ्यांकडं बघत राहिले. मग त्यांच्या सुनेला म्हणाले, "ह्यांचे लई लवकर ताठणार. निरोप वेळेवर धाडा." ती बाई जी भांडायला उठली, मला मध्ये पडावं लागलं. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, तुमच्या घरमालकाला बाहेरच्या बाहेर गोळ्या देत जा.

अंगणातल्या पत्र्याखाली त्यांचं काम चालायचं. जमिनीवर बसायचे, आणि लाकूड पायात धरायचे. एका पायाच्या तळव्यानं दाबायचं, दुसऱ्याच्या अंगठ्यानं आवळायचं, हात मोकळे. रंधा मारताना फळी तसूभर हलायची नाही. त्यांचे अंगठे रुंद आणि चपटे झाले होते, नखं जवळजवळ नव्हतीच. गावात आता टेबलावर काम करणारे सुतार झाले होते, उभ्यानं, लोखंडी शिकंज्यात लाकूड आवळून. त्यांच्याविषयी काका बोलायला लागले की काकू मला खूण करून आत बोलवायच्या, कारण तोंडाला धरबंद राहायचा नाही. लाकूड बांधून घालून मारणारी ती कसाबं, असं त्यांचं मत होतं. पायातलं लाकूड कुठं अडलं, कुठं चिरणार, ते पायाला आधी कळतं म्हणायचे.

आणि त्या पायालाच काही कळेनासं झालं होतं. साखर जुनी होती. तळव्यांची जाणीव केव्हा गेली ते त्यांना समजलंही नाही, कारण लाकूड हलत नव्हतं, काम चालू होतं. एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर पांढऱ्या भुश्शावर लाल पावलं उमटलेली. काका मजेत वाकसानं लाकूड तासत बसलेले. म्हटलं, "काका, पाय बघा." त्यांनी बघितला. अंगठा निम्मा फाटला होता. "आरं," एवढंच म्हणाले, आणि मूठभर भुस्सा त्यावर दाबला.

मी भडकले. भुस्सा धुऊन काढला, मलमपट्टी केली, बजावलं. दुसऱ्या दिवशी पट्टी खिळ्याला टांगलेली.

"पट्टी लाकडावर सरकतीय, सिस्टर. लाकूड धरता येत न्हाय."

"मग काम बंद ठेवा."

"आन् करू काय दिसभर?"

रोज मी बांधायची, रोज ते सोडायचे. चपलेचं तर नावच नको. चप्पल घालून लाकूड कसं धरणार? मी शेवटी सरळ सांगितलं, "पाय जाईल काका." तर म्हणाले, "कुठं जातोय? हितंच हाय की." काकूंनी हात जोडले, रडारड केली, अबोला धरला. उपयोग शून्य. असला हेकट माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि माझा जन्म दवाखान्यात चाललाय.

पाय गेला. सोलापूरला, गुडघ्याच्या वरून. आत नेताना त्यांनी काकूंचा हात धरून ठेवला आणि त्यांना समजेल असं सावकाश सांगितलं, "माझा पाय मागून घे. आन् हातात आला की लगीच मोड. ताठू देऊ नगं." मी रजा टाकून गेले होते, मी ऐकलं. काकू मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं, त्यांना नुसता नवरा दिसत होता.

पाय फडक्यात गुंडाळून हातात आला तेव्हा काकू भिंतीला टेकल्या. त्यांच्यानं हात लावेना. मी घेतला. जीपवाला गाडीत ठेवू देईना. म्हटलं, "पाय आहे, साप नाही. चावणार नाही." तरी तो नळदुर्गला चहासाठी थांबला आणि चहा न पिताच परत आला. मला गुडघ्याचं आठवत होतं. पण चालत्या जीपमध्ये, काकूंच्या शेजारी बसून, मला ते जमलं नसतं, आणि काकूंना सांगायची सोय नव्हती. उमरग्याला पोचेपर्यंत तो काठीसारखा झाला होता. त्यांच्या समाजाच्या जागेत, काकांनी स्वतःसाठी ठरवून ठेवलेल्या कोपऱ्याशेजारी, भावकीतल्या दोघांनी लांबट खड्डा केला आणि ठेवला.

काका घरी आले. उंबऱ्यातच विचारलं, "बसवला?"

काकू पिशवी घेऊन आत गेल्या. मग मीच म्हणाले, "नाही जमलं काका. ताठला होता."

"झोपवला म्हणा की."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच विषय. रात्रंदिवस तोच. "एका मांडीवर माणूस बसत न्हाय. कलंडतंय. आजवर म्या बसवल्याला एक माणूस कलंडला न्हाय, सिस्टर. आन् म्याच कलंडणार व्हय? अख्ख्या गावासमोर?" मी म्हणायची, मेल्यावर काय कळतंय. ते माझ्याकडं असं बघायचे की मीच मूर्ख. एरवी बडबडा माणूस, पण हे बोलताना त्यांच्या आवाजात खरी भीती असायची. मरणाची नव्हे. मरणाशी त्यांचं जाणं-येणं होतं.

गावात कृत्रिम पायांचं फुकट शिबिर लागलं. मी रिक्षात घालून नेलं. माप घेणारा मुलगा चांगला होता, आपुलकीनं बोलत होता. चालता येईल काका, जिना चढता येईल. काकांनी एकच विचारलं, "मांडी घालता येती का?"

"मांडी घालायची असली तर काढून ठेवायचा, काका."

"मग मला काय उपेग? चालून कुठं जायचंय मला?" आणि कुबडीवर उडी मारत रिक्षाकडं निघाले. मी त्या मुलाची माफी मागितली.

घरी आल्यावर म्हणाले, "म्याच करतो. लाकडाचा. मोडल्यालाच करतो, गुडघ्यात. बसायचा पाय."

करायचा, पण धरायचा कशात? धरणारा पाय तर मातीत. उरलेल्या पायानं दाबायला बघितलं, लाकूड निसटलं आणि पटाशी हातात घुसली. दोन-तीनदा तेच झालं. मग एका सकाळी तोंड कडू करून म्हणाले, "टेबल करावं लागणार." काकूंनी हातातलं काम थांबवलं. कुणी मेल्याची बातमी आल्यासारखं.

आता गंमत अशी की टेबल करायला आधी लाकूड धरणारं टेबल पाहिजे. बैलगाडीच्या कामासाठी राखून ठेवलेले बाभळीचे जाड ओंडके होते. आता गाड्या कोण करतंय. ते कापायचे कसे? त्यांनी एक ओंडका पायरीला अडवला, दुसरं टोक दोरीनं जोत्याला बांधलं. तरी हलायचा. शेवटी काकूंना म्हणाले, "बस त्याच्यावर." काकू बसल्या. तेव्हापासून टेबल होईपर्यंत काकूंचा संसार त्या बाभळीवर चालला. तिथंच भाजी निवडायच्या, तिथंच शेंगा फोडायच्या, आणि खाली करवत चालायची. हलल्या की शिव्या.

"जरासक नीट बस की. माशी बसल्यावानी बसतीस."

"तुमच्यावानी बसायला शिकिवलं न्हाय मला कुणी."

रविवारी मी बसायची. माझं वजन पुरेना म्हणून हातात पाट्याचा वरवंटा द्यायचे.

आणि एवढं करून त्यांनी टेबल केलं ते वीतभर उंचीचं. खरं सांगते. आयुष्यभर जमिनीवर बसून मापं घेतलेली. उभं राहून काम करताना हात कुठं येतो ते त्यांच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. मी आधी म्हटलं होतं, बुटकं होतंय. म्हणाले, तुमी सुया टोचा. जोडून झालं, पालथं होतं ते उलटवलं, आणि ते आमच्या पायाशी बसलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "पाट झाला ह्यो," त्या म्हणाल्या. "ताटं आणू का?" मी पोट धरून हसले. काका हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या पाटावरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना कुबडीसकट भिंतीशी उभं केलं, हात सैल सोडायला सांगितला आणि मनगटाशी खडूनं रेघ मारली. तेवढ्या उंचीचे टेबलाचे पाय पुन्हा केले. तेही धड झाले नाहीत, एक आखूड झाला, त्याखाली लाकडाची चीप ठोकली. वर पाचरी मारून लाकूड अडवायच्या खाचा. ओबडधोबड, जड, बघवत नव्हतं. त्यांनी त्यावर पाय ठेवावा तसं सगळं अंग टाकून बघितलं. हललं नाही. फळी अडवून रंधा मारला, लांब साल निघाली. "आयतु," कानडीत म्हणाले. झालं. पण तोंडावर आनंद नव्हता. मला म्हणाले, "लाकूड मुकं झालं, सिस्टर. पायाला सांगायचं काय काय."

मग कडुलिंबाचा पाय सुरू झाला. दिवसभर टेबलाशी, एका पायावर उभे. मी म्हटलं स्टूल घ्या. "बसून करायचं तर टेबल कशाला केलं?" पाय मात्र होत गेला. मांडी घातल्यासारखा गुडघ्यात दुमडलेला, पोटरीला फुगवटा, आणि अंगठा त्यांच्याच अंगठ्यासारखा रुंद. काकू त्याच्यासमोरून जाताना पदर सावरायच्या. एवढा हुबेहूब.

वास मला आधी आला. या वासाची आम्हाला चूक होत नाही. टाचेत लाकडाची चीप घुसून किती दिवस झाले होते कोण जाणे. दिवसचे दिवस त्याच पायावर उभा होता माणूस, आणि पायाला पत्ता नाही. टाच काळी पडली होती. मी खाली बसून बघत होते आणि मला शिव्या सुद्धा सुचेनात.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाही काढावा लागेल. काका उठून उभे राहिले, त्याच पायावर. "ह्यो न्हाय द्यायचा."

मी घरी आल्यावर म्हटलं, "दोन्ही लाकडाचे करा की मग."

"दोन लाकडाचे म्हंजे टेबलच झालं, सिस्टर. त्याच्यात माणूस कुठं ऱ्हायला?"

मग ताप चढला. बडबड सुरू झाली, कुणाच्या तरी गुडघ्यांशी बोलत होते. आम्ही तसंच उचलून नेलं. डॉक्टरांनी काकूंना विचारलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी लपवलं नाही. कापला नाही तर एक-दोन दिवसांत जातील. कापला तर राहतील, किती ते सांगता येत नाही.

"मला परत बोलणार न्हाईत ते," काकू म्हणाल्या.

"नाही बोलणार."

"नगं बोलू देत. जिते ऱ्हाऊ देत." आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "कापा."

या वेळी त्या दाराशीच उभ्या राहिल्या. फडक्यातला पाय हातात येताच व्हरांड्याच्या कोपऱ्यात खाली बसल्या, पाय मांडीवर घेतला. थर्मासमधल्या गरम पाण्यात पदर भिजवून गुडघ्याला लावला, आणि कानडीत हळू काहीतरी बोलत तो दुमडायला लागल्या. जोर नाही, घाई नाही. मी लोकांना दिसू नये म्हणून समोर उभी राहिले. दुमडला तसा त्यांनी लुगड्याची चिंधी फाडून बांधला. उमरग्याला आल्यावर टेबलावरचा लाकडाचा पाय घेतला आणि सरळ त्यांच्या समाजाच्या जागेत गेल्या. काकांच्या ठरलेल्या कोपऱ्यात खड्डा करवला, आणि दोन्ही पाय एकमेकांत घालून मांडी केली. भावकीतला एकजण पुटपुटला, लाकूड मातीत घालत नाहीत. काकूंनी त्याच्याकडं पाहिलं सुद्धा नाही. वर मातीचा थर दिला आणि त्यावर चिंधी अंथरून खूण ठेवली.

काका शुद्धीवर आले. सपाट चादरीकडं बघितलं. त्यांना घरी आणलं, आणि ठरल्यासारखं ते काकूंशी एक शब्द बोलले नाहीत. काकूंच्या हातचं खाईनात. मी ड्यूटीवरून आले की मी भरवायची. काकू दारात बसायच्या आणि त्यांनी तोंड फिरवलं की उठून जायच्या. मी म्हटलं, सांगून टाका काकू. म्हणाल्या, ऐकतील तवा सांगीन. असे कितीतरी दिवस गेले, आणि घरात बसवत नव्हतं.

एका दुपारी मी भरवत असताना काकू उठल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "तुमचा पाय म्या बसवलाय. गरम व्हता तवाच मोडला. तुमी केल्याला बी संगं घातलाय. तुमच्याच जाग्यावर मांडी घालून ठिवलीया."

काका घास चावत राहिले. मग भिंतीकडं बघतच विचारलं, "वर कंचा हाय? लाकडाचा का माझा?"

"लाकडाचा."

"माझा वर पायजे व्हता."

काकांनी घास गिळला. "चालंल," म्हणाले. आणि मग, "पानी दे." मी तांब्या उचलला होता, तो खाली ठेवला. काकूंनी पाणी दिलं.

त्यानंतर ते भेटायला येणाऱ्याला सांगायचे, "खालचा म्या बसलोय आधीच. वरचं तेवढं ऱ्हायलंय." लोकांना वाटायचं भ्रमिष्ट झाले. मला ते तसे कधीच वाटले नाहीत. उन्हाळा लागायच्या आत वरचंही संपलं, घरीच, सकाळी, काकूंनी तोंड धुवायला पाणी आणेपर्यंत.

काकूंनीच त्यांना आंघोळ घातली, विभूती लावली. समजवायला गुडघे नव्हते. विमान दुसऱ्या कुणी केलं होतं, त्यात त्यांना फळीला बांधून बसवलं. गाव लोटलं होतं. ज्यांच्या घरची माणसं काकांनी बसवली होती ते सगळे आले होते. काकू चालत आल्या, त्यांना कुणी अडवलं नाही. मी त्यांच्या मागं होते.

चिंधी लागली तिथं खणणारे थांबले. काकांना खाली सोडलं, खड्ड्यातल्या माणसानं हात काढला, आणि काका डाव्या अंगाला कलले. त्यानं पुन्हा सरळ करून हात काढला. पुन्हा कलले. लाकूड होतं त्या बाजूची माती तशीच होती. दुसऱ्या, खऱ्या पायाच्या बाजूची खचली होती. वर उभ्या असलेल्या सगळ्यांना काका काय म्हणायचे ते माहीत होतं, त्यामुळं कुणी कुणाकडं बघेना. क्रियेला आलेल्या स्वामींनी मंत्र थांबवला. मला वाटलं, नको, एवढं तरी नको.

काकू कडेला आल्या. वाकून नीट बघितलं. "त्या अंगाला मीठ घाला," म्हणाल्या. "दाबून."

मातीबरोबर घालायला आणलेलं मिठाचं पोतं खाली गेलं. त्या माणसानं मूठमूठ दाबून भरलं आणि हात काढला. तरी जरासे कललेच.

"आजून."

आणखी घातलं.

"आजून घाला. सपलं तर आणा दुसरं."

दुसरं पोतं आणायला माणूस पळाला. तो येईपर्यंत सगळं गाव तसंच उभं होतं आणि खड्ड्यातला माणूस काकांना खांद्याला धरून होता. पोतं आलं, भरलं, दाबलं. त्यानं एक हात काढला, मग दुसरा. काका हलले नाहीत.

"बसले का?" काकूंनी मला विचारलं. डोळ्यांत पाणी भरल्यानं त्यांना आता नीट दिसत नव्हतं.

मी गुडघ्यावर बसून आत बघितलं. मान ताठ, पाठ सरळ, बेलाची पानं छातीवर. "बसले काकू," मी म्हणाले. "सरळ बसलेत."

मग काकू तिथंच मातीत बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. स्वामींनी मंत्र पुढं चालू केला, आणि लोक माती लोटायला लागले.